फटफट न करणारी फटफटी

मोटरसायकलला आपल्याकडे फटफटी म्हणतात. तरुण मुलं आता सरळ गाडीचं नाव घेतात, पण माढ्याच्या बाजारात एखादा म्हातारा आजही विचारतो, "फटफटीवर आलास का एसटीनं?" रेल्वेला आपण आगगाडी म्हणालो ते तिच्या पोटातल्या आगीवरून, आणि मोटरसायकलला फटफटी म्हणालो ते तिच्या आवाजावरून. कवितेच्या नादी लागलेल्या माझ्यासारख्या माणसाला अशा शब्दांचं फार अप्रूप वाटतं. यंत्र गावात आलं, लोकांनी कान टवकारले आणि जे ऐकू आलं तेच त्याचं नाव ठेवलं.

पण हा आवाज सगळ्याच मोटरसायकलींचा नाही. तो एका सिलिंडरच्या इंजिनाचा आवाज आहे, आणि आपल्या देशात बहुतेक गाड्या एका सिलिंडरच्याच होत्या व आहेत. आज मला ज्या इंजिनाविषयी बोलायचं आहे ते फटफट करत नाही. त्यात चार सिलिंडर असतात आणि ते उभे नसून आडवे झोपलेले असतात, दोन डावीकडे, दोन उजवीकडे, पाय एकमेकांकडे करून. इंग्रजीत त्याला फ्लॅट-फोर म्हणतात. मी आपल्या सोयीसाठी त्याला 'आडवी चौकडी' म्हणणार आहे. असं इंजिन असलेली मोटरसायकल माढा तालुक्यात कोणाच्या अंगणात उभी असल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मग तिच्याविषयी का बोलायचं? कारण आपल्या रोजच्या गाडीचा एक त्रास आहे, तो या इंजिनाच्या उजेडात जितका स्पष्ट दिसतो तितका दुसऱ्या कशानं दिसत नाही. तो त्रास म्हणजे हादरा.

हादरा कुठून येतो ते बघू. विहिरीवरचं डिझेल इंजिन आठवा. वीज येण्याआधी, आणि वीज आल्यावरही ती जायची तेव्हा, आपल्या भागातला ऊस आणि ज्वारी याच इंजिनांच्या जिवावर भिजली. पुण्याच्या खडकीला १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली आणि पुढे गावोगाव इंजिन म्हणजे किर्लोस्कर असंच समीकरण झालं. एक सिलिंडर, बाजूला जडशीळ चाक, आणि खाली सिमेंटचा चौथरा. तो चौथरा शोभेचा नव्हता. बोल्ट ढिले झाले की ते इंजिन जागचं हलून चालू लागायचं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

सिलिंडरच्या आत दट्ट्या असतो, ज्याला आपले मिस्त्री पिस्टन म्हणतात. तो वर जातो, थांबतो, खाली येतो, थांबतो, पुन्हा वर जातो. जुन्या ३५० सीसी बुलेटचा दट्ट्या ७० मिलिमीटर रुंद आणि त्याची धाव ९० मिलिमीटरची. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर हा दट्ट्या एका सेकंदात ५० वेळा वर आणि ५० वेळा खाली जातो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा थांबतो आणि १०० वेळा पुन्हा सुटतो. धावत्या वस्तूला थांबवायचं तर जोर लागतो, आणि ज्यानं जोर लावला त्याला तेवढाच जोर उलटा बसतो. हा न्यूटनचा नियम आपण शाळेत पाठ केला. दट्ट्याला थांबवणारा असतो क्रँक, क्रँकला धरून ठेवतं इंजिन, इंजिनाला धरते गाडीची चेसी, आणि चेसीला शेवटी धरतात आपले दोन हात, दोन पाय आणि एक बैठक. विहिरीवरच्या इंजिनाला सिमेंटचा चौथरा होता. फटफटीला चौथरा नाही. तिचा चौथरा म्हणजे आपण.

यावर उपाय नाही का? आहे, पण अर्धा. क्रँकच्या दुसऱ्या बाजूला वजन लावायचं, म्हणजे दट्ट्या वर गेला की वजन खाली जाईल आणि हिशेब चुकता होईल. कुर्डुवाडी स्टेशनवर वाफेची इंजिनं पाहिलेल्या मंडळींना मोठ्या चाकातला चंद्रकोरीसारखा भरीव तुकडा आठवत असेल. ते हेच वजन. अडचण अशी की दट्ट्या फक्त वर-खाली जातो, आणि क्रँकवरचं वजन मात्र गोल फिरतं. वर-खालीचा हिशेब त्यानं भागवला तरी बाजूला गेल्यावर ते स्वतःच पुढे-मागे धक्के देतं. म्हणून कारखानदार तडजोड करतात. साधारण अर्धा हिशेब भागेल इतकंच वजन लावतात, आणि उरलेला हादरा थोडा वर-खाली, थोडा पुढे-मागे असा वाटून देतात. हादरा मरत नाही. नुसती वाटणी होते.

ही वाटणी कोणाच्या अंगावर पडते ते मी घरात पाहिलं आहे. माझे मामू बांगड्यांचा धंदा करायचे. ऐंशीच्या दशकात माढा, मोडनिंब, टेंभुर्णी, कुर्डुवाडी असे बाजार ते एका जुन्या, एक सिलिंडरच्या गाडीवर करायचे. मागे दोन्ही बाजूंना फिरोजाबादच्या काचेच्या बांगड्यांचे खोके, गवताच्या आणि कागदाच्या गादीत बसवलेले. रस्ते कसे होते ते सांगायला नको. खोक्यातल्या बांगड्या शाबूत राहायच्या, कारण त्यांच्याखाली गादी होती. मामूंच्या हाताखाली नव्हती. बाजारात पोचल्यावर दुकान मांडून झालं तरी ते पाव तास नुसते बसायचे, तळहात एकमेकांवर चोळत. बाया खोळंबलेल्या असायच्या. मामू म्हणायचे, "हात झोपलेत, जागे होऊ देत."

बांगडी भरणं हे नाजूक काम आहे. बाईचा हात हातात घेतला की माप बोटांना कळावं लागतं, दोन-चार की दोन-सहा की दोन-आठ. अंगठ्याचं मूळ दाबून, हाताची हाडं जवळ आणून काचेचं कडं हळूच सरकवायचं असतं. बोटांना मुंग्या आलेल्या असतील तर दाब कळत नाही, काच तडकते आणि रक्त येतं ते दुसऱ्याच्या मनगटातून. शेवटच्या वर्षांत मामूंना बोटांनी माप कळेनासं झालं. ते पट्टीचं कडं वापरू लागले आणि त्याची त्यांना लाज वाटायची. वयाचाही भाग असेल. पण सतत कंप सोसणाऱ्या हातांच्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू दुखावतात, बोटं बधिर होतात, हे डॉक्टरांना ठाऊक आहे. दगड फोडण्याचं यंत्र धरणाऱ्या कामगारांत हा आजार जगभर ओळखला जातो. आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींनी इंजिनाचे बोल्ट आवळले, हँडलच्या रबराखाली सायकलच्या ट्यूबचे वेटोळे दिले. थोडा फरक पडला. मूळ हादरा तसाच राहिला, कारण तो बिघाड नव्हता. तो त्या इंजिनाचा स्वभाव होता.

आता आडव्या चौकडीकडे येऊ. उजनीच्या पाण्यावर एक होडी आहे असं समजा. होडीत एक माणूस उजवीकडे तोंड करून बसला आहे आणि त्याच्या हातात दोरीला बांधलेलं एक वजन आहे. तो ते बाहेर लोटतो, पुन्हा आत ओढतो. लोटलं की होडी डावीकडे सरकते, ओढलं की उजवीकडे. हे झालं एका सिलिंडरचं इंजिन. आता त्याच्या पाठीला पाठ लावून दुसरा माणूस डावीकडे तोंड करून बसवा, तितक्याच वजनाचा, आणि दोघांनी एकाच वेळी लोटायचं, एकाच वेळी ओढायचं. होडी सरकणार नाही. दोघांचे धक्के एकमेकांत विरून गेले. वारीतले टाळ बघा, दोन्ही वाट्या एकदम जवळ येतात, एकदम दूर जातात, वाजवणाऱ्याचं अंग मात्र कुणीकडे ढकललं जात नाही. जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीनं १९२३ साली आणलेल्या आर-३२ या मोटरसायकलीत असेच दोन सिलिंडर समोरासमोर होते, डाव्या-उजव्या बाजूंना बाहेर आलेले. माक्स फ्रिट्झ या अभियंत्याची ती रचना शंभर वर्षांनंतरही त्या कंपनीच्या गाड्यांत चालू आहे.

तरी थोडी खोट राहते. दोन माणसं अगदी एका रेषेत बसू शकत नाहीत. एक जरा पुढे, एक जरा मागे असतो. क्रँकवरही दोन दट्ट्यांचे दांडे एकाच जागी लावता येत नाहीत. त्यामुळे होडी सरकत नाही, पण किंचित वळते, कधी नाक डावीकडे, कधी उजवीकडे. मग काय करायचं? मागच्या बाजूला अशीच आणखी एक जोडी बसवायची आणि तिला उलटा ताल द्यायचा. पुढची जोडी लोटते तेव्हा मागची ओढते. पुढच्या जोडीनं होडी एकीकडे वळवली की मागची तिला तितकीच परत वळवते. झाली आडवी चौकडी. सरकणं गेलं, वळणंही गेलं.

अगदी सगळं गेलं असं मात्र म्हणता येणार नाही. दट्ट्याला क्रँकशी जोडणारा दांडा तिरका होत जातो, त्यामुळे दट्ट्याची चाल दोन्ही टोकांना सारखी नसते. बाहेरच्या टोकापाशी तो जास्त झटक्यानं फिरतो, आतल्या टोकापाशी कमी. या फरकातून एक बारीक हादरा निघतो, इंजिनाच्या गतीच्या दुप्पट वेगाचा. चार सिलिंडर एका ओळीत उभे असलेल्या इंजिनात हे चारही बारीक हादरे एकाच दिशेनं एकवटतात आणि हँडलला मधमाशीसारखी गुणगुण लागते. आडव्या चौकडीत तेही समोरासमोर विरतात, फक्त एक बारीकशी पिळवट उरते. ती काढायची तर सहा सिलिंडर लागतात. त्या सहाकडे मी नंतर येतो.

आणि आवाज? आपल्या गाड्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. गाडी जागेवर उभी आहे, मिनिटाला ९०० फेरे चालले आहेत असं धरा. एक सिलिंडर असेल तर सेकंदाला साडेसात स्फोट होतात. कानाला ते सुटे ऐकू येतात, फट, फट, फट. चौकडीत अर्ध्या फेऱ्याला एक सिलिंडर पेटतो, म्हणजे सेकंदाला तीस स्फोट. सेकंदाला वीसेक ठोक्यांच्या पुढे आपला कान ठोके वेगळे करू शकत नाही, त्यांचा सलग सूर होतो. तबला आणि तंबोरा यांच्यात जो फरक तोच इथे. चार सिलिंडरच्या गाड्या जर आपल्याकडे आधी आल्या असत्या तर त्यांना कोणी फटफटी म्हटलं नसतं. काय म्हटलं असतं कोण जाणे, घुमणी म्हटलं असतं.

मग इतकं गुणी इंजिन मोटरसायकलीत सर्रास का दिसत नाही? त्याची यादी करायला बसलं तर बोटांवर मोजण्याइतक्याच गाड्या निघतात. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या झुंडाप कंपनीनं १९३३ साली के-८०० आणली. पत्र्याच्या ठोकीव पट्ट्यांची चेसी, गिअरबॉक्समध्ये दातेरी चाकांऐवजी साखळ्या, मागच्या चाकाला चेनऐवजी फिरता दांडा, म्हणजे शाफ्ट. जर्मन लष्करानंही ती वापरली. इंग्लंडात जॉर्ज ब्रॉ हे मोठे हौशी कारखानदार. अरबस्तानचा लॉरेन्स म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स यांच्याच ब्रॉ सुपिरिअर गाड्यांचे शौकीन होते आणि १९३५ साली अशाच गाडीवरच्या अपघातानंतर गेले. या ब्रॉ यांनी १९३८ च्या लंडनच्या प्रदर्शनात 'गोल्डन ड्रीम' मांडली. तिच्यात दोन-दोन आडव्या सिलिंडरांच्या दोन जोड्या एकीवर एक ठेवलेल्या होत्या आणि दोन क्रँक दातेरी चाकांनी जोडलेले. शुद्ध आडवी चौकडी तिला म्हणता येत नाही, पण भावकीतली. दुसऱ्याच वर्षी महायुद्ध पेटलं, कारखाना विमानांच्या इंजिनांचे भाग बनवू लागला, आणि सोनेरी स्वप्न मोजक्या नमुन्यांवरच थांबलं. युद्धानंतर जॉन वुलर यांनी ५०० सीसीची एक चौकडी काढली. तीही फार चालली नाही.

झुंडापचं नाव आपल्याकडेही आलं, पण वेगळ्या वेषात. १९८० च्या दशकात मद्रासच्या एनफिल्डनं सिल्व्हर प्लस, एक्स्प्लोरर आणि फ्युरी या गाड्या काढल्या, त्या झुंडापच्या तंत्रावर. सगळ्या एका सिलिंडरच्या! ज्यांनी पन्नास वर्षांपूर्वी चौकडी रस्त्यावर आणली त्यांच्याकडून आपण घेतलं ते हे. १९८४ साली मूळ जर्मन कंपनी दिवाळखोरीत निघाली.

अडचणी खऱ्या होत्या. पहिली उष्णतेची. वाऱ्यावर थंड होणाऱ्या इंजिनात पुढच्या दोन सिलिंडरांना वारा मिळतो आणि त्यांनी तापवलेला वारा मागच्या दोघांना. सोलापूरच्या उन्हाळ्यात मागच्या रांगेत बसलेल्या वऱ्हाडासारखी त्यांची गत. दुसरी अडचण जागेची. सिलिंडर पोटऱ्यांपाशी दोन्हीकडे बाहेर येतात. तिसरी अशी की क्रँक गाडीच्या लांबीला समांतर असतो. चेन लावायची तर ताकद काटकोनात वळवावी लागते, म्हणून शाफ्ट आला, म्हणजे वजन आणि खर्च आला. शिवाय उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर पिळला की सगळी गाडी एका कुशीवर कलू बघते, कारण क्रँक एकीकडे फिरला की बाकीची गाडी उलटीकडे. आणि चौथी, जी माझ्या मते सगळ्यांत मोठी: हेड दोन, कार्बोरेटर चार, प्लग चार, सगळं दुप्पट-चौपट. आमच्याकडे लिंबाखाली बसून मिस्त्री दुपारपर्यंत हाफ इंजिन उतरवून, रिंगा बदलून, संध्याकाळी गाडी हातात देतो. ते एका सिलिंडरमुळेच शक्य होतं.

या अडचणी एकेक करून सोडवल्या त्या जपानच्या होंडानं. आधी १९७२ च्या सुमारास त्यांनी सहा आडव्या सिलिंडरांचा एक नमुना प्रयोगासाठी केला. मग सहाचे चार केले आणि १९७४ साली जर्मनीत कोलोनच्या प्रदर्शनात जीएल-१००० ही गाडी मांडली, नाव गोल्ड विंग. तोशिओ नोझुए हे त्या कामाचे प्रमुख होते. ९९९ सीसी, ८० अश्वशक्ती. तापण्यावर उपाय म्हणून मोटारीसारखं पाणी खेळवलं, त्यामुळे मागचे-पुढचे सिलिंडर सारखेच थंड. लांबी आटोक्यात राहावी म्हणून गिअरबॉक्स क्रँकच्या मागे न ठेवता खाली सरकवला. गाडी कलू नये म्हणून वीज बनवणारा अल्टरनेटर क्रँकच्या उलट दिशेनं फिरवला. त्याची कलण्याची ओढ आणि क्रँकची ओढ एकमेकांना खातात. ही युक्ती मला फार आवडते. जास्तीचं काही जोडायचं नाही, जे लागणारच आहे तेच उलटं फिरवायचं. पेट्रोलची टाकी बैठकीखाली नेली, म्हणजे वजन खाली राहिलं. वरची टाकी दिसायला टाकी, उघडली तर आत विजेचं सामान आणि वेळप्रसंगी लावायची किकची दांडी. गाडीचं वजन मात्र २६५ किलोच्या आसपास. दोन-अडीच क्विंटल ज्वारीची पोती ढकलायची म्हणा ना.

ब्राझीलचा प्रकार आणखी मजेशीर आहे. तिथे सत्तरच्या दशकात मोठ्या परदेशी मोटरसायकली आणणं बंद झालं. मग तिथल्या कारागिरांनी फोक्सवॅगन बीटल या छोट्या मोटारीचं इंजिन उचललं आणि त्याभोवती मोटरसायकल बांधली. बीटलचं इंजिन म्हणजे वाऱ्यावर थंड होणारी आडवी चौकडीच, १६०० सीसीची. गाडीचं नाव ॲमेझोनास. मोटारीचा गिअरबॉक्स आल्यामुळे या फटफटीला रिव्हर्स गिअरसुद्धा होता! पोलिसांनी ती वापरली. आयातबंदीतून असा उद्योग आपल्याकडेही झाला असता, पण आपल्या रस्त्यावर बीटलच क्वचित. ज्याचं इंजिन गावात, त्याचीच जुगाडी गाडी. आपल्याकडे विहिरीवरचं इंजिन काढून गाडा पळवणारे निघाले ते त्यामुळेच.

आडवी चौकडी डोळ्यांनी पाहायची, निदान कानांनी ऐकायची असेल, तर मोटरसायकलच शोधायला हवी असं नाही. बारामतीला वैमानिक घडवणारी शाळा आहे. तिथल्या सेसना १५२ आणि १७२ जातीच्या छोट्या विमानांच्या नाकात जे इंजिन बसतं ते लायकमिंग कंपनीचं, वाऱ्यावर थंड होणारं, चार आडव्या सिलिंडरांचं. इंदापूर-उजनीकडच्या आभाळात ही विमानं घिरट्या घालताना दिसतात. विमानाला ही रचना मानवते, कारण इंजिन बसकं असल्यानं समोरचं दिसतं, आणि पंख्याचा वारा आयताच मिळतो. तो आवाज नीट ऐका. त्यात सुटा ठोका नाही, सलग घुमणं आहे. होडीतली चार माणसं तिथे वर बसली आहेत.

इथे एक घोटाळा टाळायला हवा. आडवं इंजिन म्हणजे आडवी चौकडी नव्हे. बीएमडब्ल्यूनं १९८३ साली के-१०० काढली, तिचे चार सिलिंडर आडवेच होते, पण सगळे एकाच कुशीवर, एका ओळीत. समोर उत्तर द्यायला कोणी नाही. आपल्या रोजच्या शंभर सीसीच्या गाड्यांतला सिलिंडरही पुढे झुकून जवळपास आडवा असतो. पण तो एकटाच. आडवं होण्यानं हादरा जात नाही, समोर तोलाचा जोडीदार असण्यानं जातो. गझलेच्या शेरात पहिल्या ओळीनं टाकलेला भार दुसरी ओळ पेलते, तसं काहीसं. पण हे सांगताना मला माझ्याच धंद्याचा मोह होतोय, तेव्हा पुढे जाऊ.

मग एका सिलिंडरच्या गाडीवर बसणाऱ्यानं हात बधिर करून घ्यायचे का? आता तसं राहिलेलं नाही. इंजिनात एक जास्तीचा दांडा बसवतात, वजन लावलेला. तो क्रँकच्याच वेगानं, पण उलट दिशेनं फिरतो. मघाशी म्हटलं ना, क्रँकवरचं वजन बाजूला गेलं की धक्के देतं. हा दुसरा दांडा त्याच क्षणी विरुद्ध बाजूला जातो आणि तो धक्का खातो. वर-खाली मात्र दोघं मिळून दट्ट्याचा हिशेब भागवतात. याला बॅलन्सर म्हणतात. पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात बनणाऱ्या केटीएम ३९० च्या एकट्या सिलिंडरला तो आहे. रॉयल एनफिल्डनं २०२० साली मिटिऑर ३५० बरोबर नवं इंजिन आणलं, त्यातही आहे, आणि २०२१ पासून क्लासिक ३५० मध्येही तेच इंजिन येतं. जुन्या बुलेटवाल्यांची यावर तक्रार असते की गाडीचा दम गेला. त्यांना हादरा म्हणजेच दम वाटतो. त्यांनी एकदा बांगड्या भरून बघाव्यात.

मला विचाराल तर आपल्या तालुक्याला आडवी चौकडी नको. दूध घालणाऱ्याला, उसाच्या फडावर जाणाऱ्याला, बाजार करणाऱ्याला हलकी, स्वस्त, लिंबाखाली दुरुस्त होणारी गाडी हवी, आणि एक सिलिंडर अधिक बॅलन्सर हे त्याचं उत्तर आहे. चौकडी ज्यांना परवडली त्यांनी तिच्यावर दिवसाला सहाशे-आठशे किलोमीटर जाण्याचा शौक केला, आणि तोही मोठ्या रस्त्यांच्या देशांत. म्हणूनच होंडानं १९८० पासून ही गाडी अमेरिकेतच, ओहायो राज्यात बनवायला घेतली. इंजिन वाढत गेलं, १९८० साली १०८५ सीसी, १९८४ साली ११८२ सीसी. पण लांबच्या प्रवासाचे शौकीन जितकं मिळेल तितकं गुळगुळीत मागतात. ती शेवटची बारीक पिळवटही जावी म्हणून १९८८ साली गोल्ड विंगला सहा सिलिंडर आले, १५२० सीसीचे. होंडाची मोटरसायकलीतली आडवी चौकडी १९८७ च्या गाड्यांबरोबर संपली.

आजची गोल्ड विंग त्याच सहांच्या वंशातली आहे आणि आपल्या देशात ती परदेशातून येते, तीस लाखांच्या वर किंमत मोजून. पुणे-सोलापूर रस्त्यावर, टेंभुर्णीच्या आसपास एखाद्या ढाब्यावर अशी गाडी उभी दिसली तर मालकाला विचारून तिच्या एका बाजूला उकिडवे बसा आणि खाली, पायाच्या जागेपुढे, सिलिंडरच्या झाकणाकडे बघा. इंजिन गार असेल तेव्हाच बघा, नाहीतर हात पोळेल. त्या एका बाजूला प्लगच्या जागा मोजा. तीन भरल्या तर सहा सिलिंडरची, म्हणजे १९८८ नंतरची. दोनच भरल्या तर मालकाला चहा पाजा आणि गाडी सुरू करून दाखवायला सांगा.